हातात पेत्रार्क, नजर दुसरीकडे : ब्रोन्झिनोनं रंगवलेल्या कवयित्री लाउरा बात्तिफेर्रीच्या चित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरेन्सच्या पालात्सो वेक्यो या जुन्या राजवाड्यात सोळाव्या शतकातल्या एका कवयित्रीचं व्यक्तिचित्र आहे. चेहरा पूर्ण बाजूनं, अंगावर गडद कपडे, डोक्यावरून पातळ पांढरा पदर आणि हातात उघडं पुस्तक. हे चित्र पाहणाऱ्याला पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागे एक ठाम मत आहे, ते आधीच सांगितलेलं बरं. हे चित्र चेहऱ्यापासून वाचायला घेऊ नये. पुस्तकाच्या पानापासून घ्यावं. पान वाचलं की चेहरा, मान, नाक, नजर या सगळ्याची संगती लागते. पान वगळलं तर आपण चेहऱ्यावर आपलेच अंदाज चिकटवत बसतो.

हे चित्र कोणी काढलं आणि कधी?

आन्योलो ब्रोन्झिनो (१५०३–१५७२) यानं, साधारण १५५५ ते १५६० या काळात. लाकडी फळीवर तैलरंगात काढलेलं हे मध्यम आकाराचं चित्र आहे. ब्रोन्झिनो हा फ्लोरेन्सचा सत्ताधीश कोझिमो दे मेदिची याचा दरबारी चित्रकार. कोझिमोची पत्नी एलेओनोरा दि तोलेदो भरजरी कापडात मुलासोबत बसलेली आहे ते उफीत्सी संग्रहालयातलं प्रसिद्ध चित्र त्याचंच, १५४५ च्या सुमाराचं.

लाउरा बात्तिफेर्री कोण होती?

१५२३ मध्ये उर्बिनोत जन्मलेली कवयित्री. वडील जोव्हान्नी आंतोनियो बात्तिफेर्री हे पोपच्या सेवेतले धर्माधिकारी. तिचा जन्म विवाहबाह्य संबंधातून झाला होता, पण वडिलांनी तिला उत्तम शिक्षण दिलं आणि १५४३ मध्ये पोप तिसरा पॉल याच्याकडून तिला औरस म्हणून मान्यता मिळवून दिली. पहिला नवरा वित्तोरियो सेरेनी हा ऑर्गनवादक होता. तो १५४९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी तिनं शिल्पकार आणि वास्तुकार बार्तोलोमेओ अम्मानातीशी लोरेतो इथे लग्न केलं. फ्लोरेन्सला गेलेल्यांनी अम्मानातीचं काम पाहिलेलंच असतं. सिन्योरिया चौकातलं नेपच्यूनचं कारंजं त्याचं आणि आर्नो नदीवरचा सान्ता त्रिनिता पूलही त्याचाच.

लग्नानंतर दोघं रोममध्ये राहिली. तिथे पोप तिसरा ज्यूलियस अम्मानातीला काम देत होता. १५५५ मध्ये तो पोप वारला आणि हे जोडपं फ्लोरेन्सला आलं. रोम सोडावं लागल्याचं लाउराला फार जड गेलं, हे तिच्या कवितांतून दिसतं. पाचच वर्षांत, १५६० मध्ये, फ्लोरेन्सच्या जुंती छापखान्यातून तिचा पहिला कवितासंग्रह निघाला. तो एलेओनोराला अर्पण केलेला होता. त्यात तिच्या कवितांबरोबर तिला इतर कवींनी लिहिलेल्या कविताही छापल्या होत्या. त्याच वर्षी सिएनाच्या इन्त्रोनाती या साहित्यिकांच्या अकादमीनं तिला आपल्यात घेतलं. १५६४ मध्ये बायबलमधल्या सात पश्चात्तापस्तोत्रांचं तिनं केलेलं इटालियन पद्यरूप प्रसिद्ध झालं.

म्हणजे ब्रोन्झिनोसमोर जी बाई होती ती कुणाची तरी नुसती देखणी पत्नी नव्हती. ती लिहीत होती, तिचं वाचलं जात होतं आणि तिला कवितेतून उत्तरं येत होती.

चित्रावर नाव कुठेच नाही. मग ही लाउराच कशावरून?

नाव आहे, पण ते लपवून ठेवलं आहे. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' अशी नाममुद्रा येते आणि कवी आपल्या ओळीतच उभा राहतो. इथे नाममुद्रा पुस्तकाच्या पानावर आहे. तिथे चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेत्रार्क याची दोन सॉनेट्स, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, लिहिली आहेत. पेत्रार्क ज्या स्त्रीवर आयुष्यभर लिहीत राहिला तिचं नाव लाउरा, आणि तिच्यासाठी तो वारंवार वापरायचा ते झाड 'लाउरो', म्हणजे कवींना ज्याचा मुकुट घालत ते लॉरेलचं झाड. यातल्या एका सॉनेटमध्ये तो 'पहिला लाउरो' प्रत्यक्ष येतो. सोळाव्या शतकातल्या शिकलेल्या फ्लोरेन्टाइन माणसाला यापुढे पाटीची गरज नव्हती.

शिवाय ब्रोन्झिनो आणि लाउरा यांनी एकमेकांना लिहिलेल्या कविता उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या मित्रमंडळीत या चित्रावरही सॉनेट्स लिहिली गेली. त्यामुळे ही ओळख आज सर्वमान्य आहे.

तिनं स्वतःचं पुस्तक का धरलेलं नाही? कवयित्रीच्या हातात दुसऱ्याची कविता कशी?

प्रश्न रास्त आहे. आजच्या लेखकाचा फोटो काढताना त्याच्या हातात त्याचंच पुस्तक देतात. पण सोळाव्या शतकातल्या इटलीत कवी म्हणून उभं राहायचं तर आधी पेत्रार्कशी नातं सांगावं लागे. कवी आणि विद्वान पिएत्रो बेम्बोनं पेत्रार्कची भाषा हाच कवितेचा आदर्श ठरवल्यानंतर दोन पिढ्या त्याच साच्यात लिहीत होत्या. खिशात मावणाऱ्या छोट्या पेत्रार्क-प्रती तर इतक्या लोकप्रिय होत्या की त्यांना 'पेत्रार्कीनो' असं लाडकं नाव होतं. आंद्रेआ देल सार्तोच्या एका चित्रात एक तरुणी अशीच छोटी प्रत हातात घेऊन त्यातल्या ओळींकडे बोट दाखवते.

लाउराच्या हातातलं पुस्तक मात्र तसं छापील नाही. अक्षर हाताचं आहे. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की समोरासमोर आलेली ही दोन सॉनेट्स पेत्रार्कच्या संग्रहात शेजारी येतच नाहीत. एक ६४ वं आहे आणि दुसरं २४०वं. कोणत्याही छापील प्रतीत पान उघडून ती अशी जोडीनं दिसणार नाहीत. त्यामुळे ही जोडी मुद्दाम जमवलेली आहे. चित्राचा अर्थ लावायचा तर पहिलं प्रामाणिक पाऊल म्हणजे या दोन कविता वाचणं.

मग त्या पानांवर काय लिहिलं आहे?

या सगळ्या चित्रातली सर्वात श्रीमंत जागा हीच, म्हणून इथे जरा थांबू.

६४ व्या सॉनेटमध्ये कवी प्रेयसीला सांगतो की तू चिडल्याच्या खुणा दाखवून, नजर खाली घालून, मान झुकवून, इतरांपेक्षा लवकर निघून जाऊन, माझ्या सरळ विनवण्यांकडे तोंड फिरवून किंवा आणखी कसल्या युक्तीनं माझ्या छातीतून निसटू शकली असतीस, तर तुझा हा राग योग्य आहे असं मीही म्हणालो असतो. कारण त्या छातीत प्रेमानं पहिल्या लाउरोच्या कितीतरी फांद्यांची कलमं लावली आहेत, आणि उमद्या रोपाला कोरड्या जमिनीत राहणं शोभत नाही. पण तुझ्या नशिबात इथून हलणं नाही. तेव्हा निदान ज्या जागी राहायचंच आहे तिचा सतत तिरस्कार तरी करू नकोस.

आता पुन्हा चित्राकडे पाहा. तिनं तोंड फिरवलं आहे. नजर आपल्याकडे नाही. कवितेत ज्याची तक्रार केली आहे तेच चित्रातली बाई करते आहे. त्याच वेळी कविता म्हणते की तोंड फिरवून सुटका नाही, तू जिथे रुजलीस तिथेच आहेस. चित्रात ती जागा कोणती? ब्रोन्झिनोची फळी. तिनं कितीही दुसरीकडे पाहिलं तरी ती त्याच्या रंगांत रुजून बसली आहे. सॉनेटमधल्या कवीची छाती आणि चित्रकाराची फळी यांची ही अदलाबदल मला या चित्रातली सर्वात हुशार गोष्ट वाटते.

२४० वं सॉनेट माफीचं आहे. कवी प्रेमाच्या देवाला पुन्हा पुन्हा विनवतो की माझ्या बाजूनं तिच्याकडे रदबदली कर. निष्ठा पूर्ण असूनही मी सरळ वाटेवरून ढळलो असेन, तर त्याला कारण आहे, विवेकावर इच्छेनं मात केली. हे मी नाकारत नाही. पण तू, जिला स्वर्गानं इतकी तेजस्वी बुद्धी आणि इतका मोठा सद्गुण दिला आहे, तू रागावू नकोस. दयेनं एवढंच म्हण की बिचारा आणखी काय करणार, माझा चेहराच त्याला जाळतो आहे, तो इतका अधाशी का आणि मी इतकी सुंदर का.

या कवितेत स्त्रीची बुद्धी आधी येते, रूप शेवटी. कवयित्रीच्या चित्रासाठी हीच कविता निवडण्यामागे हा क्रम असावा असं मला वाटतं. दोन्ही कवितांत बोलणारा विनवतो आणि समोरची गप्प असते. इथे मात्र ती गप्प असणारी स्वतःच कवी आहे. पुस्तक तिच्या हातात आहे आणि कोणत्या ओळी आपण वाचायच्या हे तिची लांब बोटं दाखवतात.

हे पुस्तक आपल्या बाजूला का वळलेलं आहे?

कारण वाचणारे आपण आहोत. पानं पाहणाऱ्याला वाचता यावीत अशी धरली आहेत. लाउराला त्यांची गरज नाही, पेत्रार्क तिला पाठ असणार. चेहरा आपल्यापासून वळलेला आणि पान आपल्याकडे वळलेलं, या दोन उलट्या दिशांवर सगळं चित्र तोललं आहे. तिच्या नजरेशी आपली नजर भिडतच नाही. तिच्यापर्यंत पोहोचायची एकच वाट उरते, ती कवितेतून जाते.

ब्रोन्झिनोला कवितेची एवढी जाण होती?

तो कवीच होता. पेत्रार्कच्या वळणाची सॉनेट्स त्यानं भरपूर लिहिली, शिवाय हलक्याफुलक्या, थट्टेखोर दीर्घकविताही लिहिल्या. इतिहासकार आणि समीक्षक बेनेदेत्तो वार्की त्याचा आणि लाउराचा, दोघांचा जवळचा मित्र. ब्रोन्झिनोला 'डिव्हाइन कॉमेडी'चा कवी दान्ते संपूर्ण आणि पेत्रार्कचा मोठा भाग मुखोद्गत आहे, अशी नोंद वार्कीनं केली आहे. १५४१ मध्ये ब्रोन्झिनोला फ्लोरेन्टाइन अकादमीत घेतलं, १५४७ मध्ये नियम बदलून अनेक कलावंतांना वगळलं त्यात तो बाहेर गेला आणि १५६६ मध्ये परत आला.

चित्रकला श्रेष्ठ की शिल्पकला, हा वाद वार्कीनं १५४७ मध्ये कलावंतांना पत्रं पाठवून रंगवला होता. त्यावर ब्रोन्झिनोनंही उत्तर लिहायला घेतलं, पण ते अर्धवट राहिलं. चित्र आणि कविता एकमेकांशी काय बोलू शकतात हा त्याच्या आयुष्यभराचा विषय होता. लाउराचं चित्र त्याच चर्चेतलं त्याचं बोलणं आहे.

पूर्ण बाजूनं चेहरा हा तर जुना प्रकार. मग तो का निवडला?

पंधराव्या शतकात इटलीत असे चेहरे सर्रास काढत. पिएरो देल्ला फ्रांचेस्कानं काढलेली उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको आणि त्याची पत्नी बात्तिस्ता यांची जोडी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. (फेदेरिकोचा उजवा डोळा एका द्वंद्वखेळात गेला होता, त्यामुळे डावी बाजू दाखवणं सोयीचंही होतं.) पण १५५० नंतर ही पद्धत मागे पडली होती. चेहरा तीन-चतुर्थांश वळवून माणूस आपल्याकडे पाहतो आहे असं दाखवणं रूढ झालं होतं आणि ब्रोन्झिनोची बाकीची बहुतेक व्यक्तिचित्रं तशीच आहेत. म्हणजे इथे बाजूचा चेहरा सवयीनं आलेला नाही, ठरवून आणला आहे.

कारणं अनेक असू शकतात. नाणी आणि पदकं यांवर मोठी माणसं अशीच कोरली जात, त्यामुळे बाजूच्या चेहऱ्याला कीर्तीचा वास होता. लाउरा मूळची उर्बिनोची होती आणि त्या दरबाराच्या जुन्या थाटाची आठवण त्यात असेल. तोंड फिरवण्याचं सॉनेटमधलं कारण वर आलंच. पण मला सर्वांत वजनदार वाटतं ते कारण दान्तेचं आहे.

दान्तेचा इथे काय संबंध?

दान्ते १३२१ मध्ये वारला. त्यानंतरच्या शतकांत फ्लोरेन्समध्ये त्याचा चेहरा एका ठरावीक रूपात पक्का झाला. बाजूनं दिसणारा, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, घट्ट मिटलेले ओठ, डोक्यावर टोपी. ब्रोन्झिनोनं स्वतः १५३२-३३ च्या सुमारास बार्तोलोमेओ बेत्तिनी या व्यापाऱ्याच्या खोलीसाठी दान्ते, पेत्रार्क आणि बोकाच्चो यांची चित्रं काढली होती. ही माहिती त्या काळचा चित्रकार आणि कलावंतांचा चरित्रकार वाझारी यानं दिली आहे. त्यातला दान्ते तोंड फिरवून दूर पाहतो आणि हातात उघडा ग्रंथ धरतो. त्या ग्रंथात 'डिव्हाइन कॉमेडी'च्या स्वर्गखंडाचा पंचविसावा सर्ग दिसतो, जिथे दान्ते आपल्याला एक दिवस फ्लोरेन्समध्ये कवी म्हणून मुकुट मिळेल अशी आशा करतो. या रचनेची एक आवृत्ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

ते चित्र आणि लाउराचं चित्र शेजारी ठेवून पाहावं. बाकदार नाक, वळवलेला चेहरा, आपल्याकडे उघडलेली पानं. पंचवीस वर्षांनी ब्रोन्झिनो तीच मांडणी एका जिवंत स्त्रीसाठी वापरतो. तिचं नाक खरंच तसं होतं का? असेलही. पण ते झाकायचं, सौम्य करायचं की ठळक करायचं हे चित्रकाराच्या हातात होतं, आणि त्यानं ते ठळक केलं. तिला पेत्रार्कच्या लाउराचं नाव आणि दान्तेचं नाक मिळालं. एकाच वेळी ती कवितेचा विषयही झाली आणि कवितेची वारसही. माझ्या वाचण्यातून चित्राचं मर्म इथे आहे. स्त्री म्हणून तिला पेत्रार्कच्या पानावरची मूक प्रेयसी होऊन राहणं सोपं होतं. ब्रोन्झिनोनं तिला त्या पानाबाहेर काढून कवींच्या रांगेत उभं केलं.

म्हणजे ब्रोन्झिनो तिच्या प्रेमात होता का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यानं चित्र सर्वांत जास्त लहान होतं. त्या काळी पेत्रार्कची प्रेमभाषा ही कवींच्या आपसातल्या मैत्रीची, कौतुकाची, आदराची सभ्य भाषा होती. वार्की कवितेत लाउराला 'दाफ्ने' म्हणायचा. अपोलोपासून पळताना जिचं लॉरेलचं झाड झालं ती दाफ्ने. हाच वार्की त्याआधी लोरेन्झो लेन्झी या तरुणाला 'लाउरो' म्हणून सॉनेट्स लिहीत होता, आणि ब्रोन्झिनोनं त्या लेन्झीचंही चित्र काढलं आहे, हातात सॉनेट्सचं पुस्तक देऊन. या मंडळींत अशा नावांचा, उपमांचा, उत्तर-प्रत्युत्तरांचा खेळ चालायचा. लाउराच्या १५६० च्या संग्रहात अशी देवाणघेवाण आहे आणि ती छापताना नवऱ्यानं किंवा एलेओनोरानं भुवया उंचावल्या असं दिसत नाही. त्यामुळे चित्राला प्रेमकथेचा पुरावा करू नये.

तिचा चेहरा इतका थंड का वाटतो?

ब्रोन्झिनोच्या एका सॉनेटमध्ये लाउरा आतून सगळी लोखंडाची आणि बाहेरून बर्फाची आहे अशी ओळ येते. लोखंड आलं ते तिच्या आडनावातून. 'बात्तिफेर्री'मध्ये लोखंड ठोकण्याचा अर्थ आहे. बर्फ पेत्रार्ककडून आला, त्याची लाउराही बर्फासारखी वितळत नाही. म्हणून चेहऱ्यावरून ती स्वभावानं थंड होती असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. हा कवितेतला ठरलेला थंडपणा आहे.

शिवाय ब्रोन्झिनोचा हातच तसा. त्याच्या चित्रात त्वचा मिनाकारीसारखी गुळगुळीत असते, कुंचल्याचा फटकारा दिसत नाही. कोझिमो असो, एलेओनोरा असो, सगळेच त्याच्याकडे थोडे संगमरवरी होतात.

मान एवढी लांब, डोकं एवढं लहान. हे चुकलं आहे का?

नाही. ब्रोन्झिनो हा चित्रकार पोन्तोर्मोच्या हाताखाली घडला. ज्या शैलीला पुढे मॅनरिझम म्हटलं गेलं तिच्यात शरीर लांबवणं, वळणं डौलदार करणं ही मुद्दाम केलेली गोष्ट होती. बोटंही तशीच लांब आहेत. शरीररचनेच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं तर खटकेल, पण ओळीच्या लयीसारखं पाहिलं तर बरोबर बसतं.

कपड्यांतून काय कळतं?

फार नाही, आणि तेच महत्त्वाचं. एलेओनोराच्या चित्रात कापडच अर्धं चित्र खातं. इथे गडद पोशाख, पातळ पांढरा पदर, गळ्यातली सोन्याची साखळी, मागे साधी पार्श्वभूमी. प्रतिष्ठित विवाहित स्त्रीचा नीटनेटका वेष. डोळा भटकू नये, पानाकडे जावा, अशी सोय.

चित्रातली प्रतीकं ओळखायला यादी पाठ केली तर चालेल का?

यादीचा उपयोग सुरुवातीला होतो, पण तिच्यावर विसंबलं की फसगत होते. लॉरेलचंच घ्या. व्हिएन्नातल्या जॉर्जोनेच्या १५०६ सालच्या चित्रात एका तरुणीच्या मागे लॉरेलची फांदी आहे, म्हणून त्या चित्राला 'लाउरा' म्हणतात. ती नववधू, गणिका की कवयित्री, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाल्मा वेक्योनं काढलेला एक माणूस लॉरेलच्या पानांसमोर पुस्तक घेऊन उभा आहे. तो कवी असावा असं वाटतं, पण कोण ते पक्कं नाही. तिथलाच तिशियनचा निळ्या बाहीचा माणूस एके काळी महाकवी आरिओस्तो म्हणून ओळखला जात होता. आज तो व्हेनिसच्या बार्बारिगो घराण्यातला असावा असं मानतात. पाहणाऱ्यांना कवी हवा होता म्हणून त्यांना कवी दिसला.

लाउराच्या बाबतीत मात्र झाडाचं एकही पान रंगवलेलं नाही. लॉरेल फक्त शब्दांत आहे, सॉनेटच्या ओळीत. यादी घेऊन शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही.

इटालियन येत नसेल तर हे चित्र समजेल का?

समजेल, फक्त दोन सॉनेट्सचा अनुवाद आधी वाचावा. पेत्रार्कच्या संग्रहातल्या कवितांना क्रमांक आहेत आणि आजच्या आवृत्त्यांत ते सहसा तेच असतात, त्यामुळे ६४ आणि २४० चांगल्या अनुवादात लगेच सापडतात. मग चित्राची मोठी प्रत पडद्यावर उघडून पानाच्या भागापर्यंत जावं. दोन्ही कवितांच्या पहिल्या ओळी जुळवून पाहिल्या की बाकीचं आपोआप उलगडतं.

चित्र कुठे पाहता येतं?

पालात्सो वेक्योतल्या लोएझर संग्रहात. चार्ल्स लोएझर हा फ्लोरेन्समध्ये स्थायिक झालेला अमेरिकन संग्राहक. १९२८ मध्ये तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार हे चित्र शहराला मिळालं. अधूनमधून ते प्रदर्शनांसाठी बाहेर जातं. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मेदिचींच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन झालं, तेव्हा ते तिथे होतं. त्यामुळे मुद्दाम जाणार असाल तर आधी चौकशी करून जा.

लाउराचं पुढे काय झालं?

ती आणि अम्मानाती दोघंही उत्तरायुष्यात अधिकाधिक धार्मिक होत गेली. मूलबाळ नव्हतं. आपली संपत्ती त्यांनी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाला देण्याचं ठरवलं आणि फ्लोरेन्समधल्या या संघाच्या सान जोव्हान्नीनो चर्चचं काम अम्मानातीनं हाती घेतलं. १५८२ मध्ये तर त्यानं कलावंतांच्या अकादमीला पत्र लिहून आपण नग्न मूर्ती घडवल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. लाउरा १५८९ मध्ये गेली, अम्मानाती १५९२ मध्ये, आणि दोघांनाही त्याच चर्चमध्ये पुरलं आहे. तिथे ब्रोन्झिनोचा शिष्य अलेस्सांद्रो अल्लोरी यानं काढलेल्या ख्रिस्त आणि कनानी स्त्रीच्या चित्रात म्हातारी लाउरा दिसते, हातात पुस्तकासह. तिच्या शेवटच्या काळातल्या कवितांचं हस्तलिखित रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहे. दुसरा मोठा संग्रह तिच्या हयातीत छापला गेला नाही, आणि कवयित्री म्हणून तिचं नाव बराच काळ मागे पडलं. चित्र मात्र कलेतिहासात राहिलं. या विसंगतीचा मला राग येतो. चेहरा टिकला म्हणून कविता आठवायची वेळ येऊ नये.

या पद्धतीनं आणखी कोणती चित्रं वाचावीत?

ब्रोन्झिनोचीच दोन आधी. बर्लिनमधलं उगोलिनो मार्तेल्लीचं चित्र, ज्यात एका तरुण पंडितासमोर होमरचं इलियड उघडं आहे. आणि उफीत्सीतली लुक्रेत्सिया पान्चातिकी, जिच्या मांडीवर प्रार्थनापुस्तक आहे आणि गळ्यातल्या हारावर फ्रेंच शब्द कोरले आहेत.

मग मागे जाऊन लिओनार्दोची जिनेव्रा दे बेन्ची, १४७४ च्या सुमाराची, वॉशिंग्टनमध्ये. जिनेव्राही कविता करायची, पण तिच्या लिखाणातली जेमतेम एक ओळ उरली आहे, तीत ती स्वतःला डोंगरातली वाघीण म्हणते. या चित्राची मागची बाजूही रंगवलेली आहे. तिथे लॉरेल आणि ताडाच्या फांद्यांनी वेढलेली जुनिपरची डहाळी आहे आणि रूप हे सद्गुणाचं भूषण आहे अशा अर्थाचं लॅटिन वचन. लॉरेल आणि ताड ही व्हेनिसचा राजदूत बेर्नार्दो बेम्बो याची खूण होती, म्हणजे तिथेही कवयित्रीभोवती एका पुरुषाची मुद्रा आहे. ते चित्र लाउराच्या चित्रासोबत पाहिलं तर एक प्रश्न नक्की विचारून पाहा. मागच्या बाजूचं वाक्य कोणाचं आहे, तिचं की त्याचं?